अभावाचे कर्तृत्व

मनुष्याने केलेल्या दुष्कृत्यांविषयी नीतिशास्त्रात जितका खल झाला आहे, त्याच्या दशांशानेही त्याने न केलेल्या कृत्यांविषयी झालेला नाही. कोणी कोणास विष घातले, कोणी ठेव बुडविली, कोणी खोटी साक्ष दिली, म्हणजे कर्ता, कर्म आणि क्रिया ही तिन्ही आपल्यासमोर उभी राहतात व निवाडा करणे सोपे जाते. परंतु जेथे क्रियाच घडलेली नाही, तेथे कर्ता कोठे शोधावा? समजा, एखाद्या खात्यात एक पद मंजूर आहे, पण ते वर्षानुवर्षे भरलेले नाही. त्या रिकामेपणामुळे कोणाचा जीव गेला, तर त्या मृत्यूस नाव कोणाचे लावावयाचे? हा प्रश्न केवळ कारभाराचा नसून नीतीचा आहे असे आम्हांस वाटते. आणि त्याचा विचार करण्यास सार्वजनिक रुग्णालयातील शस्त्रक्रियेच्या वॉर्डाइतके योग्य स्थळ दुसरे आढळत नाही. शाळेत शिक्षक कमी असले तर होणारी हानी वीस वर्षांनी दृष्टीस पडते, आणि तोवर दुसरी शंभर कारणे तीत मिसळून गेलेली असतात. वॉर्डात परिचारिका कमी असल्या तर ती एका रात्रीत दिसते.

शस्त्रक्रिया म्हटली म्हणजे शस्त्रवैद्याचा हात आणि मेजावरचा दिवा एवढेच चित्र आपल्या मनात येते. आप्तेष्ट दाराशी उभे असतात, डॉक्टर बाहेर येऊन 'ऑपरेशन व्यवस्थित झाले' म्हणून सांगतात, आणि मंडळी देवाचे आभार मानून चहा घेण्यास जातात. वस्तुतः धोक्याचा बराच मोठा भाग त्यानंतर सुरू होतो. आतड्याचा तुकडा काढलेल्या रोग्याच्या पोटात एखादी लहान रक्तवाहिनी गळू लागली, तर बाहेरून काहीच दिसत नाही. प्रथम नाडी जलद होते. ऐंशीची शंभर होते, शंभराची एकशेवीस. रक्तदाब मात्र काही काळ शरीर आपल्या बळावर सांभाळून धरते, आणि म्हणूनच तो पाहणाऱ्यास फसवितो. लघवीच्या पिशवीत तासागणिक पडावी तेवढी भर पडत नाही. हातपाय गार लागतात. रोगी उगाच चाळवाचाळव करू लागतो, पाणी मागतो. उशाशी बसलेली त्याची मावशी म्हणते, भूल उतरते आहे म्हणून असे करीत असेल. अशा वेळी दर अर्ध्या तासाने कोणी जाणते माणूस नाडी मोजून कागदावर टिपीत असेल, तर डॉक्टरास हाक जाते, रोगी पुन्हा टेबलावर नेला जातो आणि बहुधा वाचतो. मोजणारे कोणी नसेल, तर रक्तदाब कोसळल्यावरच धावाधाव होते, व तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आतड्याची शिवण सुटणे, छातीत कफ साचून ताप भरणे, पायाच्या शिरेत रक्त गोठणे, या सर्वांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. रोग्यास गुंतागुंत होणे हे त्याचे वय, त्याच्या रोगाची अवस्था आणि शस्त्रवैद्याचे कौशल्य यांवर पुष्कळ अंशी अवलंबून असते. झालेली गुंतागुंत वेळीच ओळखली जाणे हे मात्र पाहणारा डोळा जवळ होता की नव्हता यावर अवलंबून असते. वैद्यकातील संशोधक या दोहोंत १९९२ पासून भेद करू लागले आहेत, व दुसऱ्या प्रकारास त्यांनी जे नाव दिले आहे त्याचा अर्थ 'वाचविण्यातील अपयश' असा होतो.

प्रत्येक आधुनिक शोध आपल्या प्राचीन ग्रंथांत अगोदरच सापडतो असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. तथापि चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यांत वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने उपस्थाता, म्हणजे शुश्रूषा करणारा, यालाही एक पाद मानले आहे, याकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. त्या उपस्थात्याचे जे चार गुण त्याने सांगितले, त्यांत प्रेम आणि शुचिता यांच्या आधी उपचारांचे ज्ञान आणि दक्षता यांचा निर्देश आहे. सुश्रुताने तर व्रण झालेल्या मनुष्याची शुश्रूषा कशी करावी यासाठी सूत्रस्थानात एक स्वतंत्र अध्यायच खर्ची घातला आहे. शस्त्र चालविणे आणि शस्त्र चालविल्यानंतर जपणे या दोन विद्या आहेत, एवढे त्यास स्पष्ट दिसत होते. आम्ही मात्र चौथा पाद निखळला तरी खाट तीन पायांवर उभी राहील अशा समजुतीने रुग्णालये चालवीत आलो. १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, आणि परिचारिका सुमारे ४३,००० लोकांमागे एक! डॉक्टरापेक्षा परिचारिका दुर्मीळ, असा हा विपरीत संसार होता. तेव्हापासून संख्या पुष्कळ वाढली आहे. पण डॉक्टर आला म्हणजे दवाखाना आला, ही आपली समजूत त्या काळातून उतरलेली आहे, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

आता थोडे अंकगणित केले पाहिजे. चाळीस खाटांचा वॉर्ड आहे, रात्रपाळी आठ तासांची आहे, आणि पाळीस परिचारिका एक आहे असे धरू. आठ तासांची ४८० मिनिटे. प्रत्येक रोग्याच्या वाट्यास १२ मिनिटे आली. या बारा मिनिटांतच त्याचे इंजेक्शन, सलाईन, नाडी, ताप, रक्तदाब, ड्रेनच्या नळीतून आलेल्या स्रावाचे माप, भिजलेली पट्टी, केसपेपरवरील नोंद आणि त्याच्या नातेवाइकांचे प्रश्न आले. शिवाय ही वाटणी कागदावरच समान असते. रात्री दोन वाजता एकाच रोग्याने तिचा सव्वा तास घेतला, तर उरलेल्या एकोणचाळीसांना प्रत्येकी जेमतेम दहा मिनिटे उरतात, आणि तो सव्वा तास तर कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. याखेरीज सार्वजनिक रुग्णालयातील खाटांची संख्या ही रोग्यांची संख्या नसते, हे ज्याने खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर गाद्या घातलेल्या पाहिल्या आहेत त्यास निराळे सांगावयास नको.

भारतीय परिचर्या परिषदेचे मानक असे की, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांच्या सामान्य वॉर्डात तीन खाटांमागे एक व इतरत्र पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, आणि रजेसाठी शेकडा ३० जास्तीच्या असाव्यात. हे ऐकून वाचकांस हायसे वाटण्याचा संभव आहे. परंतु असे कोणतेही प्रमाण वाचताना ते मंजूर पदांचे आहे, की त्या पाळीत प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसांचे आहे, हे प्रथम विचारावे लागते. पदांचे असेल, तर दिवसाच्या तीन पाळ्या असल्यामुळे तिनांस एक म्हणजे पाळीस नवांस एक झाली. त्यात साप्ताहिक सुटी, आजारपण, बाळंतपणाची रजा, आणि वॉर्डातून काढून कधी लसीकरणाच्या तर कधी मंत्रिमहोदयांच्या शिबिराच्या कामास लावलेल्या बायका वजा करावयाच्या. याउलट अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताने १९९९ मध्ये केलेल्या कायद्याने जे प्रमाण घातले, ते हजर परिचारिकांचे आहे: २००४ मध्ये सहा रोग्यांमागे एक, आणि २००५ पासून पाचांमागे एक. तेथे नियम वाचला की वॉर्ड दिसतो. येथे नियम वाचून वॉर्ड दिसत नाही.

संख्येचा आणि मरणाचा संबंध खरोखरच इतका निकट आहे काय, अशी शंका घेणे रास्त आहे. लिंडा एकेन या विदुषी आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,३४२ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे सरासरीने एक रोगी वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याचा संभव शेकडा सातांनी वाढतो, आणि हाच वाढीचा क्रम 'वाचविण्यातील अपयशा'लाही लागू पडतो, असे त्यांस आढळले. चार रोग्यांऐवजी आठ रोगी असले, तर वाढ शेकडा ३१ होते. २०१४ मध्ये नऊ युरोपीय देशांतील ३०० रुग्णालयांवरून त्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हाही तो सातांचाच आकडा आला. आता, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. ज्या रुग्णालयात परिचारिका पुरेशा, तेथे इतर व्यवस्थाही चांगली असणे शक्य आहे. म्हणून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताचे उदाहरण अधिक बोलके वाटते. तेथे २०१६ मध्ये काही सार्वजनिक रुग्णालयांस किमान प्रमाण घालून दिले गेले. नियम लागू झालेली २७ व न झालेली २८ रुग्णालये यांची नियमापूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहणारा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या गटात मृत्यू घटले; दुसऱ्यात तशी घट दिसली नाही. आमच्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा प्रमाण कितीतरी विरळ असल्यामुळे तोच आकडा येथे जसाच्या तसा लागू पडेल असे म्हणवत नाही. पण दिशा उलटी असेल असे मानण्यास काहीच आधार नाही.

असो. आकडे झाले, आता मूळ प्रश्नाकडे वळू. जी परिचारिका वॉर्डात नव्हतीच, तिच्या नसण्याने रोगी मेला असे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे काय? 'नसणे' हे कारण होऊ शकते काय? हा वाद आमच्याकडे फार जुना आहे, आणि तो निव्वळ शब्दांचा खेळ नव्हता. नित्यकर्म न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे पाप, लागते असे कर्ममार्गी म्हणत. त्यावर श्रीमच्छंकराचार्यांनी गीताभाष्याच्या तिसऱ्या अध्यायाच्या प्रस्तावनेत असा आक्षेप घेतला आहे की, न करणे हा केवळ अभाव आहे, आणि अभावातून भावरूप पाप उत्पन्न होणे शक्य नाही. असतापासून सत् कसे निपजेल? संन्याशाच्या बाबतीत हा युक्तिवाद कितीही मार्मिक असो, तो सचिवालयात पोहोचला तर मोठा अनर्थ होईल. किंबहुना, आचार्यांचे भाष्य न वाचताही तो तेथे पोहोचलेलाच आहे. 'आम्ही काही केले नाही' हे वाक्य तेथे निरपराधीपणाचा पुरावा म्हणून उच्चारले जाते.

नैयायिकांची दृष्टी आम्हांस येथे अधिक उपयोगी वाटते. त्यांनी अभावाला पदार्थांच्या यादीत जागा दिली आणि त्याच्याकडे कारणत्वही सोपविले. अग्नी जाळतो, पण दाह थांबविणारा मणी जवळ असेल तर जाळीत नाही. म्हणून मण्याचा अभाव हाही दाहाच्या कारणसामग्रीत मोडतो, असे ते म्हणत. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जवळजवळ हीच गोष्ट पहारेकऱ्याच्या दृष्टांताने मांडली. पहारेकरी जागेवर नव्हता म्हणून सैन्यावर अकस्मात हल्ला झाला असे आपण म्हणतो. काटेकोरपणे पाहिले तर हल्ला शत्रूने केला. पहारेकऱ्याच्या नसण्याने काहीच उत्पन्न केले नाही. जे त्याला अडविणार होते ते तेवढे नव्हते. तरीही मिल अशा निषेधरूप अटींना संपूर्ण कारणात गणतो, आणि व्यवहारात आपणही पहारेकऱ्यालाच पकडतो.

येथे एक अडचण उपस्थित होते, आणि ती बरीच खोल आहे. त्या रात्री वॉर्डात परिचारिका नव्हती, हे खरे. पण तेथे आम्हीही नव्हतो, हे वाचणारे वाचकही नव्हते, टिंबक्टूचा नगराध्यक्षही नव्हता. अभाव हेच कारण असेल, तर अभाव असंख्य आहेत. मग यांतील एकालाच का धरावयाचे? याचे उत्तर एकच संभवते: ज्याने असावयास हवे होते त्याचाच अभाव कारण म्हणून मोजला जातो. पहारेकरी नेमलेला होता म्हणून त्याचे नसणे हे 'गैरहजर असणे' झाले. इतरांचे नसणे हे नुसते नसणे. म्हणजे कार्यकारणभावाच्या या प्रश्नात कर्तव्याची कल्पना मागच्या दाराने आत येऊन बसली! पण रिकाम्या पदावर तर कोणीच नेमलेले नव्हते; तेव्हा गैरहजर कोण होते?

आमच्या समजुतीप्रमाणे मंजूर पद म्हणजे एक प्रकारचा संकल्प आहे. येथे माणूस हवा, असे शासनाने आपल्या हाताने लिहून ठेवलेले असते. ती गरज कोणा वृत्तपत्राने किंवा कामगारसंघाने त्याच्या माथी मारलेली नसते. जो पहाऱ्याची जागा आखतो, तिथे पहारा लागतो असे नोंदवून ठेवतो, आणि मग पहारेकरीच नेमीत नाही, तो त्या जागेवरचा गैरहजर पहारेकरी होय. पद मंजूर करणाऱ्याचे पद भरणे हे नित्यकर्म आहे. त्याला निमित्त लागत नाही, आणि ते न करण्यास सबब सांगण्याचे ओझे त्याच्यावर असते. याला पुस्ती एवढीच जोडावयाची की, मंजुरीचा आकडा हाही अखेरचा प्रमाण मानता येत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या खाटांवरून पदे ठरली असतील आणि रोगी दुपटीने वाढले असतील, तर सर्व पदे भरूनही वॉर्ड ओसाडच राहील. संकल्प तोकडा करून तो पुरा केल्याचे पुण्य पदरी पाडून घेण्याची ही युक्ती हिशेबनिसांस चांगली अवगत असते.

आता जी परिचारिका हजर होती तिच्याकडे वळू. रोगी दगावला की पहिली चौकशी तिचीच होते, कारण तीच तेवढी सापडते. जे शक्य नाही ते कर्तव्य होऊ शकत नाही, हा कांटच्या नावावर असलेला सिद्धांत तिला पुरतेपणी लागू पडतो. चाळिसांची नाडी अर्ध्या तासाने मोजणे तिला शक्य नव्हते. म्हणून चाळिसाव्याची न मोजणे हा तिचा अपराध नव्हे. परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तिला सर्वांचे करणे शक्य नव्हते, तरी त्यांतील कोणाही एकाचे करणे शक्य होते. आणि कोणाचे करावयाचे हे तिलाच ठरवावे लागले. हा निवाडा ती दर रात्री करते, उभ्याउभ्या, कोणाशी विचारविनिमय न करता. सर्वसाधारणपणे जे काम कागदावर उमटते ते केले जाते: औषध, इंजेक्शन, सलाईन. जे उमटत नाही ते राहते: कूस बदलणे, तोंड पुसणे, खोल श्वास घेण्यास शिकविणे, भ्यालेल्या माणसाजवळ दोन मिनिटे बसणे. या राहून गेलेल्या शुश्रूषेचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत २००६ पासून होऊ लागला आहे. उचित काय हे ठाऊक असून संस्थेच्या बंधनांमुळे ते करता न येण्याच्या यातनेस अँड्र्यू जेमटन या नीतिचिंतकाने १९८४ मध्येच नाव दिले, आणि ते त्याने परिचारिकांच्या संदर्भातच दिले. ती निर्दोष आहे असे आपण तिला सांगितल्याने ही यातना जात नाही. अपराध नसतानाही चुटपुट राहणे हे तिच्या मनाच्या शाबूतपणाचे लक्षण आहे. आणि ज्या दिवशी ती चुटपुट थांबेल, त्या दिवशी रोग्याने अधिक भ्यावे.

एका बाबतीत मात्र आम्ही तिची बाजू घेऊ शकत नाही. न मोजलेला ताप आणि न पाहिलेली नाडी तक्त्यावर मोजल्यासारखी भरून ठेवण्याची चाल काही ठिकाणी असते. ओळीने सर्व रोग्यांचा ताप सारखा, नाडी सारखी. न करणे अशक्यतेमुळे क्षम्य ठरले, तरी केल्याचे लिहिणे ही क्रिया आहे, आणि ती करणे तिच्या हाती होते. शिवाय त्या खोट्या आकड्याने तिचे स्वतःचेच नुकसान होते. कारण कोरा रकाना हाच त्या वॉर्डात माणूस नव्हते याचा एकमेव लेखी पुरावा होता, आणि तो तिने आपल्या हाताने बुजविला. पण येथेही एक विचित्र न्याय दिसतो. तपासणीस येणारा अधिकारी कोऱ्या रकान्याबद्दल तिला कारणे दाखवा नोटीस देतो, आणि भरलेल्या रकान्याबद्दल काही विचारीत नाही. खरे बोलण्यास दंड आणि खोटे बोलण्यास अभय असेल, तेथे सत्यनिष्ठेचा उपदेश प्रथम कोणास करावा?

अभाव उघडा पडू नये म्हणून दुसरीही एक व्यवस्था आहे, ती म्हणजे नातेवाईक. आमच्या सार्वजनिक रुग्णालयांत रोग्याच्या कुटुंबातील एक माणूस खाटेजवळ असावयाचेच, असे गृहीत धरलेले असते. बेडपॅन द्यावयाचे, कूस बदलावयाची, रक्ताची नळी प्रयोगशाळेत पोहोचवावयाची, बाहेरून औषध आणावयाचे, सलाईन संपत आली की 'सिस्टर' म्हणून हाक मारावयाची, ही कामे त्याची. याला आपण कुटुंबवत्सलता म्हणतो, आणि तीत खोटे काही नाही. पण हे माणूस आपली रोजंदारी बुडवून आलेले असते, आणि त्याला प्रेम असले तरी चरकाच्या गुणांतील पहिला गुण त्याच्याजवळ नसतो. तो कूस बदलील. नाडी शंभराच्या वर गेली हे त्याला कळणार नाही. आणि ज्याला कोणीच नाही, परप्रांतातून आलेला मजूर, फुटपाथवरची म्हातारी, त्याच्या उशाशी तर हा उसना उपस्थाताही नसतो.

पुरेसे लक्ष दिले तर मनुष्याची शुश्रूषा काय करू शकते याचे उदाहरण मुंबईनेच जगास दाखविले आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला, आणि १८ मे २०१५ रोजी तिचा अंत होईपर्यंत तेथील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिला सांभाळले. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण पडू दिला नाही, ही गोष्ट २०११ च्या सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणात नमूद झाली. आम्ही तो प्रसंग त्यागाची कथा म्हणून पुष्कळ वेळा ऐकला आहे. त्याच्याकडे वेळेच्या हिशेबाच्या दृष्टीनेही पाहावे असे सुचवावेसे वाटते. एका देहास शय्याव्रण होऊ न देण्यासाठी दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी त्यास कुशीवर वळवावे लागते, पुसावे लागते, कोरडे ठेवावे लागते. हे तेथे घडले, कारण तेथील परिचारिकांनी तो वेळ कोठून तरी काढलाच.

'त्याग' या शब्दाविषयी आम्हांस थोडी अप्रीती आहे हे लपवीत नाही. दरवर्षी १२ मे रोजी गुलाबाची फुले वाटून आणि मेणबत्त्या पेटवून फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे पुण्यस्मरण होते. १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन क्रिमियाच्या युद्धात गेलेली ही बाई रात्री दिवा घेऊन हिंडे, हे आपण उचलले. परंतु ती लंडनच्या सांख्यिकी संस्थेची पहिली स्त्री-सभासद होती, आणि सैनिक कशाने व किती मेले याचे रंगीत तक्ते काढून तिने मंत्र्यांना हैराण केले, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. दिव्याला खर्च थोडा येतो. सेवा ही देवी आहे असे म्हटले की देवीला पगारवाढ, बदली कामगार किंवा सहावा रोगी नाकारण्याचा अधिकार लागत नाही.

आता सर्वांत बळकट पूर्वपक्ष. आमच्या एका स्नेह्यांनी, जे स्वतः शस्त्रवैद्य आहेत, तो आम्हांस ऐकविला. 'तुमचे प्रमाण कायद्यात घाला,' ते म्हणाले, 'म्हणजे परिचारिका मिळणार नाहीत तेव्हा आम्ही खाटा बंद करू. आज चाळीस खाटांत साठ लोक निदान छपराखाली आहेत. उद्या वीसांची उत्तम शुश्रूषा होईल आणि चाळीस परत जातील. ते कोठे मरतील हे तुमच्या आकड्यांत येणारही नाही.' हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गरिबास दुसरे दार नसते. १९९२ मध्ये बंगालमध्ये आगगाडीतून पडलेल्या एका शेतमजुरास एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी 'जागा नाही' म्हणून परत पाठविले होते. अखेर त्याला खाजगी रुग्णालयात पैसे मोजून जीव वाचवावा लागला.

परंतु त्याच प्रकरणी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल स्नेह्यांच्या म्हणण्यास उत्तरही देतो. वेळेवर उपचार मिळणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. 'साठ निकृष्ट की वीस उत्कृष्ट' ही निवड खाटेजवळ उभे राहिले म्हणजे अटळ दिसते, कारण तेथून परिचारिकांची संख्या हा निसर्गाचा नियम वाटतो, पावसासारखा. अर्थसंकल्पाच्या मेजावर ती पावसासारखी नसते. तेथे कोणी तरी ती लिहितो. म्हणून प्रमाण घालावयाचे ते दारावर घालू नये. नेमणूक करणाऱ्यावर घालावे. वेल्सच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये केलेल्या कायद्याची रचना या दृष्टीने विचारार्ह आहे. प्रौढांच्या औषधोपचाराच्या आणि शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत किती परिचारिका लागतात हे ठरविण्याचे व तितक्या ठेवण्यासाठी शक्य ती पावले उचलण्याचे कर्तव्य त्याने आरोग्यमंडळांवर टाकले. शिवाय ही संख्या रोग्यांस कळविण्याची व्यवस्था करणेही त्यांना भाग पाडले. आज दाटीवाटीत घेतलेल्या साठांना बाहेर काढा असे आम्ही म्हणणार नाही. त्या साठांना घेतल्याबद्दल जो शिरा ताणून स्वतःची पाठ थोपटून घेतो, त्याने त्यांच्यासाठी माणसे नेमली काय, एवढेच विचारावयाचे.

असे न विचारले म्हणजे काय होते हे २०२३ मध्ये दिसले. त्या वर्षी सप्टेंबर आणि ऑक्टोबर यांच्या सांध्यावर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्या मृत्यूंची वैद्यकीय कारणे काय, हा वाद येथे नको. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली तेव्हा रिकाम्या पदांचा विषय निघाला, हे योग्यच झाले. पण त्याआधी एक लोकप्रतिनिधी रुग्णालयात गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करवून घेतले. वर्तमानपत्रांत ते छायाचित्र आले. लोकांस बरे वाटले असेल. क्रोधाला एक चेहरा मिळाला. रिकाम्या पदाचे छायाचित्र कोणासच घेता येत नाही.

आमच्या वाचकवर्गाविषयी दोन शब्द लिहिणे ओघाने येते. सुशिक्षित मध्यमवर्ग या वॉर्डांतून केव्हाच निघून गेला आहे. विम्याचे हप्ते भरून, वेळ पडली तर दागिने मोडून, तो खाजगी रुग्णालयात जातो. आणि त्याच्याबरोबर पत्र लिहिणारा, माहितीच्या अधिकाराचा अर्ज करणारा, संपादकास ओळखणारा माणूसही तेथून गेला. उरलेल्यांस तक्रारीची भाषा येत नाही, किंवा तिची भीती वाटते, कारण उद्या पुन्हा त्याच दारात उभे राहावयाचे असते. खाजगी रुग्णालयांत तरी खाटांमागे परिचारिका किती, आणि त्यांतील पुरे शिक्षण झालेल्या किती, हे बिल भरणाऱ्यांपैकी कितीजण विचारतात, हाही एक प्रश्नच आहे. भिंतीवरचा संगमरवर पाहून समाधान होते.

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याकडून संमतिपत्रावर सही घेण्याची पद्धत आहे. भुलीने होऊ शकणारे अपाय, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित मृत्यू, असे सर्व धोके त्यात असतात, व ते समजावून सांगितल्याविना घेतलेली संमती ही संमतीच नव्हे असे वैद्यकीय नीती मानते. आज रात्री या वॉर्डात रोगी बासष्ट आणि परिचारिका दोन, हा मजकूर त्या कागदावर नसतो. धोक्यांत तो मोडतो हे वर आलेच आहे. तो छापावा, वॉर्डाच्या दारावरील फळ्यावर प्रत्येक पाळीस खडूने लिहावा, असे आम्ही सुचवितो; त्यास पैसा लागत नाही. स्नेह्यांस हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की, मजकूर वाचूनही रोगी सही करीलच, कारण तो जाणार कोठे? ते खरे आहे. तो अंगठा उठवील. मात्र त्यानंतर त्या अंगठ्याच्या वर काय लिहिलेले होते, हे शासनाच्या दप्तरात तारीखवार राहील.